मुलगा घरी वायू तयार करून हुंगतो, त्याला थांबवू की शिकवू?

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं 'कार्बन डायऑक्साइड आणि आपलं शरीर' हा विषय घेतलाय. बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून फुगे फुगवले, तिथपर्यंत ठीक होतं. मागच्या आठवड्यात त्यानं बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन तो वायू ओढला. नाकात झणझणलं, छातीत धडधडलं, दोन मिनिटं डोकं धरून बसला. मी ओरडले तर म्हणतो, "आई, हा विषारी नाहीये, उलट आपल्याला तो कमी पडतो. नेटवर एका रशियन डॉक्टरचं वाचलंय मी. परीक्षेच्या आधी पिशवीत श्वास घेतला की भीतीसुद्धा जाते." आता त्याला साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून ते पातेलं रात्रभर खोलीत ठेवायचंय आणि सकाळी नाडी मोजायचीय. त्याच खोलीत सासूबाई झोपतात, त्यांना जुना दमा आहे. सुट्टीत मामाकडे गेला की विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ खाली राहतो याच्या पैजा लावतो, त्यालाही 'सराव' म्हणतो. मला त्याची जिज्ञासा मारायची नाही, पण माझी झोप उडालीय.
– एक आई

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात बाटली, पिशवी, पातेलं असं बरंच काही आहे, पण माझ्या काळजात चर्र झालं ते विहिरीचं वाचून. म्हणून आधी तेच सांगते. त्याला पोहू द्या, जरूर पोहू द्या. पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा मात्र आजपासून बंद. मामांना फोन करा आणि आडवळणानं न सांगता सरळ सांगा. असं का, ते पुढे लिहितेय. तेवढा भाग मुलाला वाचून दाखवा, कारण नुसतं 'नको' म्हटलेलं या वयात टिकत नाही.

मुलाचं एक म्हणणं अगदी बरोबर आहे. कार्बन डायऑक्साइड म्हणजे शरीरानं बाहेर टाकायचा नुसता कचरा नव्हे. आपला श्वास त्याच्याच इशाऱ्यावर चालतो. ऑक्सिजन कमी पडला की जीव गुदमरतो असं आपण धरून चालतो, पण रक्तातला ऑक्सिजन बराच खाली येईपर्यंत शरीर फारशी तक्रार करत नाही. कार्बन डायऑक्साइड जरासा वाढला तर मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला ते लगेच कळतं. धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब निरोगी माणसात पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरच्या आत असतो. तो दोन-तीन मिलिमीटरनं चढला तरी श्वास आपोआप खोल होतो. श्वासावर राज्य करतो तो हा वायू, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिलं. श्वास रोखल्यावर जी तगमग होते ती याच वायूनं वाजवलेली घंटा असते.

ही घंटा काय चीज आहे ते मला पुस्तकातून नाही, अंगावर कळलं. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी आमचं एक प्रात्यक्षिक होतं. पाण्यावर तरंगणारा पत्र्याचा डबा, त्यात कोंडलेली हवा, नाकाला चिमटा आणि तोंडात रबरी नळी. तीच ती हवा आत-बाहेर करायची. पहिल्या वेळी काही मिनिटांतच मी धापा टाकायला लागले आणि नळी तोंडातून भिरकावून दिली. दुसऱ्या वेळी सरांनी मधे सोडा लाइमचा डबा लावला. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. या वेळी मला काहीच झालं नाही. उलट बरं वाटत होतं, थोडं हसूही येत होतं. सर म्हणाले, वहीत आपलं नाव लिहीत राहा. मी लिहीत राहिले. मग त्यांनीच झडप फिरवली आणि नळी काढली. वहीत पाहिलं तर पहिली दोन नावं सरळ, तिसरं तिरकं आणि चौथ्यातलं शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घरंगळत गेलेलं. माझे ओठ निळे पडलेले मला जाणवलेच नव्हते, समोर बसलेल्या मैत्रिणीला ते दिसले. ती वही मी अजून जपून ठेवलीय. ऑक्सिजन दोन्ही वेळी कमी होत होता. दुसऱ्या वेळी घंटा वाजवणारा वायूच काढून घेतला होता, म्हणून मला काही कळलं नाही.

आता विहिरीकडे या. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून मुलं काठावर उभी राहून आधी भराभरा मोठे श्वास घेतात. त्यांना वाटतं आपण ऑक्सिजन भरून घेतोय. रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडतच नाही. या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो, म्हणजे घंटेचा लोलकच काढून ठेवल्यासारखं होतं. मग मुलगा खाली जातो, त्याला तगमग होत नाही, तो आणखी थांबतो. तेवढ्यात ऑक्सिजन संपत येतो आणि कसलीही सूचना न मिळता शुद्ध हरपते. त्यानंतर शरीर जो पहिला श्वास घेतं तो पाण्याचा असतो. हात-पाय मारणं नाही, ओरडणं नाही. वरच्या मुलांना वाटतं, हा पैज जिंकतोय. उत्तम पोहणारी, धाडसी मुलं अशी जातात. म्हणूनच 'माझा मुलगा पट्टीचा पोहणारा आहे' या भरवशावर कुणी राहू नये.

आता बाटलीकडे वळते. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के. म्हणजे शरीर त्यात शंभर पट भर घालून हवा बाहेर सोडतं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ०.५ टक्के ही मर्यादा मानतात. हवेत ४ टक्के झाला की ती जागा जिवाला तत्काळ धोक्याची समजतात आणि १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. सोडा फसफसत असताना बाटलीच्या तोंडाशी हा वायू किती दाट असतो, हे मोजायला तुमच्या मुलाकडे काय होतं? काहीच नव्हतं. नाकात झणझणलं ते वायू ओल्या त्वचेवर विरघळून त्याचं आम्ल झालं म्हणून. सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर नाकाला चरचरतं, तेच हे. डोकं गरगरलं, धडधडलं ती घंटा होती आणि ती वाजली हे बरंच झालं. एकदाच ओढलेल्या त्या श्वासानं कायमचं काही बिघडलं असेल ही भीती मनातून काढून टाका. पण हुंगणं इथेच संपलं पाहिजे. मोजता न येणारी मात्रा शरीरात घालणं हा प्रयोग नव्हे. आणखी एक, सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला बूच घट्ट लावू नये. फुगा ठीक आहे. बूच लावलेली बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते.

'रशियन डॉक्टर' म्हणजे बहुधा कॉन्स्टंटिन बुटेको. १९५० च्या दशकात सोव्हिएत रशियात त्यांनी मांडलं की माणसं गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून कितीतरी रोग होतात. त्यांनी शिकवलेल्या संथ, नाकानं घ्यायच्या श्वासानं दम्याच्या काही रुग्णांना बरं वाटतं, हे खरं. औषध मात्र सोडायचं नसतं. रोगांचं मूळ या वायूच्या कमतरतेत आहे हा दावा टिकलेला नाही. मुलानं वाचलेल्यात आणखी एक खरी गोष्ट असणार. कार्बन डायऑक्साइड असला की रक्त पेशींना ऑक्सिजन सहज सोडून देतं. कोपनहेगनच्या क्रिस्टियन बोर यांनी हे १९०४ मध्ये दाखवलं. अणूच्या रचनेत ज्यांचं नाव शिकतो त्या नील्स बोर यांचे हे वडील. पण त्यासाठी लागणारा वायू शरीर स्वतःच तयार करतं, तोही पुरून उरेल इतका. निरोगी मुलाला तो बाहेरून द्यावा लागत नाही.

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईनं लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. "परीक्षेच्या आधी पिशवीत श्वास घेतला की भीती जाते." म्हणजे त्याला भीती वाटते. हे त्यानं तुम्हाला वेगळं सांगितलं होतं का? तो विज्ञानाच्या आडून काही सांगत तर नसेल? खूप घाबरलं की माणूस भराभरा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. म्हणून पूर्वी कागदी पिशवी द्यायचे. आता ती देत नाहीत. पिशवीत ऑक्सिजनही कमी होत जातो आणि धाप लागलेल्या माणसाला घाबरटपणा आहे, दम्याचा झटका आहे की हृदयाचा, हे घरी ओळखता येत नाही. प्लास्टिकची पिशवी तर तोंडाजवळ कधीच न्यायची नाही.

आणि हा वायू भीती घालवतो असं मुळीच नाही, तो भीती जागवतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या आयोवाचा एक अभ्यास आहे. मेंदूतलं भीतीशी जोडलेलं अमिग्डला हे केंद्र निकामी झालेली एक स्त्री होती, साप हातात दिला तरी तिला भीती वाटत नसे. तिला मुखवट्यातून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एकच श्वास दिला आणि ती घाबरून मुखवट्याकडे हात झटकत मदत मागायला लागली. डॉक्टर शेजारी उभे होते, बाकीचा सगळा ऑक्सिजन होता, म्हणून ते करता आलं. भीतीचा झटका येणाऱ्यांमध्ये तर हा वायू तसाच झटका आणू शकतो. मुलाला परीक्षेआधी धडधडत असेल तर नाकानं सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडायला शिकवा, सोडणं घेण्याहून लांब. आणि या रविवारी प्रदर्शनाचं काही न काढता, अभ्यासाचंही न काढता, त्याला जवळ घेऊन विचारा, कशाची भीती वाटते रे? पोटात दुखणं, झोप न लागणं असं काही निघालं तर शाळेतल्या समुपदेशकांकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

यीस्टच्या पातेल्याचं उत्तर आकड्यांतच देते, त्याला ते आवडेल. १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर साधारण २८ लिटर वायू निघतो आणि त्यालाही बराच वेळ लागतो. झोपलेलं माणूस तासाला सुमारे १२ लिटर सोडतं. आजी आणि नातू मिळून आठ तासांत १९० लिटरच्या आसपास जातात. म्हणजे पातेल्यापेक्षा जवळजवळ सात पट वायू ते दोघं फुकट तयार करत आहेत! दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. दारं-खिडक्या घट्ट लावून एसी चालू ठेवला तर सकाळपर्यंत खोलीतलं प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट होतं, कारण घरातला साधा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा थंड करून फिरवत राहतो. सकाळी डोकं जड होतं त्यामागे हेही असू शकतं. पातेलं नको आणि आजींच्या खोलीत कुठलाच प्रयोग नको. खिडकी मात्र उघडी ठेवा. जुन्या फुप्फुसाच्या आजारात हा वायू रक्तातच साठू शकतो. सासूबाईंना सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी, दिवसा नको इतकी झोप, बोलताना गोंधळ असं होत असेल तर लवकर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलाला सांगा, तू सांगलीचा आहेस, तुझ्या प्रदर्शनाचा विषय तुझ्या दाराशी आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला हळदीची पेवं आहेत. २००५ च्या महापुरात बरीच गेली, पण ज्यांनी वापरली ती माणसं गावात भेटतील. जमिनीत खोल खोदलेला, तोंड लहान आणि पोट मोठं असलेला हा खड्डा हळद भरून वरून बंद करतात. आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि म्हणूनच त्यात किडा जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की आधी तास न् तास तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील सोडून बघायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही. हा वायू हवेच्या दीडपट जड, तळाशी बसतो, वरून आत डोकावणाऱ्याला काही जाणवत नाही. जुन्या विहिरीचा गाळ काढायला एक जण उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. कंदिलावरही पूर्ण विसंबू नये. सडलेल्या गाळातून निघणारा विषारी हायड्रोजन सल्फाइड ज्योतीला कळत नाही आणि मिथेन असला तर भडका उडतो. तिथल्या एखाद्या आजोबांशी बोलून त्यांच्या शब्दांत हे सगळं लिहून आणायला सांगा. प्रदर्शनात असा तक्ता दुसऱ्या कुणाकडे नसेल.

हॉल्डेनचीही एक गोष्ट त्याला सांगा. त्यांनी आपल्या लहान मुलाला, जे. बी. एस. हॉल्डेनला, खाणीत नेलं आणि एके ठिकाणी उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. म्हणता म्हणता पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. खाली हवा चांगली होती, श्वास परत आला. मिथेन हलका, तो छताशी असतो, हे त्याला जन्मभर पुरेल इतकं समजलं. हाच मुलगा मोठेपणी मोठा शास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. बापलेकांनी स्वतःवर कितीतरी वायूंचे प्रयोग केले, पण हवा मोजायची उपकरणं आणि शेजारी जाणता माणूस ठेवून. आणि तरीही, पोटच्या पोराला तसं उभं करणं मला आई म्हणून आजही पटत नाही.

मग त्यानं करायचं काय? शरीरात वायू घालायचा नाही, शरीरातून निघणारा ओळखायचा. पानाच्या टपरीवरून दहा रुपयांचा चुना आणा. मोठ्या बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्या. हे काम तुमच्यासमोर, डोळ्यांवर चष्मा लावून. निवळीत तेवढंच साधं पाणी आणि चिमूटभर हळद घाला. कुंकवासारखा लालसर रंग येईल. आता नळीनं हळूहळू फुंकायचं, फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. श्वासातला वायू चुन्याचा क्षार मारत जातो, पाणी आधी दुधाळ होतं आणि रंग लालावरून परत पिवळ्यावर येतो. सांगलीच्या हळदीनं आणि टपरीच्या चुन्यानं श्वास दाखवायचा, याहून सुंदर मांडणी मला तरी सुचत नाही. शांत बसून किती सेकंद लागले ते लिहायचं. मग जिन्याचे पन्नास पायऱ्यांचे दोन फेरे मारून, तेवढ्याच निवळीत पुन्हा. शाळेला जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र मागवू दे, काही हजारांत मिळतं. घेताना त्यावर 'एनडीआयआर' (म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारं) लिहिलंय का बघा. बरीच स्वस्त यंत्रं हा वायू खरा मोजत नाहीत, दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात. वर्गाची खिडकी बंद असताना आणि उघडल्यावर दर दहा मिनिटांनी आकडा टिपला की आलेख तयार.

प्रदर्शनात धूर दिसावा म्हणून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणायचा विचार डोक्यात आला तर नको म्हणा. तो उणे ७८ अंशांचा असतो, किलोभर बर्फातून पाचशे लिटरच्या वर वायू निघतो, बंद गाडीतून आणतानाच घात होऊ शकतो. २०२४ मध्ये गुरुग्रामला जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून तो लोकांच्या तोंडात पडला आणि त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे का? त्यातून हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड निघतो. नावात एका अक्षराचा फरक वाटतो, पण तो रक्तातली ऑक्सिजनची जागाच बळकावतो. त्याला वास नाही, त्यानं धाप लागत नाही, मी वहीत नाव लिहीत राहिले तशीच माणसं आंघोळ करता करता खाली बसतात. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा. ते होईपर्यंत झरोका कधी बंद ठेवू नका, आणि बादली भरून गिझर बंद केल्यावरच मुलांना आत सोडा.

मुलाला माझा आशीर्वाद सांगा. हळदीचं पाणी बसून किती सेकंदांत पिवळं झालं आणि जिना चढून आल्यावर किती, ते दोन्ही आकडे मला त्याच्याच हातानं लिहून पाठवायला सांगा.